नेट नेमकं कुठे तुटतंय? पिंग, ट्रेसर्ट आणि महिनाभर चाललेली एक तक्रार

चिपळूणजवळ खेर्डीत मी घरातूनच जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. या कामात जुलै महिना सगळ्यात कठीण. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० तारखेला जीएसटीआर-३बी (महिन्याच्या कराचं रिटर्न) आणि ३१ला व्यक्तिगत इन्कम टॅक्स रिटर्न. ३बी उशिरा भरलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, उलाढाल नसेल तर २० रुपये, आणि ती अशिलाला सांगायची आपण. जुलै २०२३मध्ये नेमक्या याच दिवसांत आमचं फायबरचं कनेक्शन बिघडलं. ते दुरुस्त व्हायला जवळपास तीन आठवडे गेले. कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असलेल्या चार-पाच साध्या कमांडनी त्यात खूप मदत केली. माझं शिक्षण कॉमर्सचं, नेटवर्किंगचं नाही. म्हणूनच हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे, माझ्यासारख्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

कनेक्शन १०० एमबीपीएसचं, महिन्याला ५९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०७ रुपये. २०२१च्या महापुरात जुनी वायर गेली, त्यानंतर खांबांवरून नवी ओढली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पावसाने जोर धरला आणि त्रास सुरू झाला. पोर्टलवर लॉगिन व्हायचं, डेटा भरायचा, सेव्ह दाबलं की गोल फिरत राहायचं आणि मग लॉगआउट. ओटीपी यायचा, पण तो टाकायचं पानच उघडायचं नाही. स्पीड टेस्ट लावली की मात्र ९० एमबीपीएस!

९ तारखेला कस्टमर केअरला पहिला फोन केला. राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, ते केलं. मग "मॅडम, तुमचा वायफाय वीक असेल" आणि "संध्याकाळी लोड असतो" अशी दोन कारणं मिळाली. तक्रार नोंदवली आणि डॉकेट नंबरचा, म्हणजे तक्रार क्रमांकाचा, एसएमएस आला. हा नंबर जपून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीवर तोच मागतात. जीएसटीआर-१ मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून भरून टाकलं. १२ तारखेला एसएमएस आला, तक्रारीचं निवारण झालं म्हणून. घरी कुणी आलं नव्हतं आणि नेट होतं तसंच होतं. त्या दिवशी मनापासून संताप आला. आपण सांगतोय ते खरं आहे, पण दाखवायला हातात काही नाही, याची ती चीड होती.

माझा मावसभाऊ ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, नेट स्लो आहे असं त्यांना सांगूच नकोस. कुठे तुटतंय ते सांग. ते तुला घरबसल्या मोजता येईल." फोनवर त्याने अर्धा तास दिला, तिथून माझी सुरुवात झाली.

पहिलं काम, लॅनची वायर. वायफायवर मोजलं तर वायफायचा दोष आणि लाइनचा दोष एकमेकांत मिसळतात आणि कंपनीला तेच कारण पुरतं. चिंचनाक्यावरून पाच मीटरची कॅट-६ वायर अडीचशे रुपयांना आणली. लॅपटॉपला लॅनचं भोक नव्हतं, म्हणून यूएसबीला लावायचा अडॅप्टर सातशे रुपयांना. हा खर्च टाळू नका.

मग कमांड प्रॉम्प्ट. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायचं, येणाऱ्या चौकटीत सी-एम-डी टाइप करून एंटर मारायचं. काळी खिडकी उघडते. या कमांड फक्त विचारतात आणि उत्तर दाखवतात, कॉम्प्युटरमधलं काही बदलत नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. इथे मी त्या देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच लागतात.

सगळ्यात आधी 'आयपीकॉन्फिग', आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी. त्यात 'डिफॉल्ट गेटवे' अशी ओळ दिसते आणि पुढे एक पत्ता, माझ्याकडे १९२.१६८.१.१. हा आपल्याच घरातल्या राउटरचा पत्ता. तो कागदावर लिहून घेतला.

मग 'पिंग'. पी-आय-एन-जी, एक स्पेस आणि पत्ता. समोरच्या मशीनला एक छोटं पाकीट पाठवायचं, ते परत आलं का आणि किती मिलिसेकंदांत आलं ते मोजायचं, इतकंच ती करते. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी १९८३च्या डिसेंबरमध्ये ती लिहिली आणि आजही नेट तपासायला बसलेला माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो. विंडोजमध्ये नुसतं पिंग दिलं तर ३२ बाइटची चार पाकिटं जातात. चार पाकिटांवरून काहीही ठरत नाही. शंभरातलं एखाद-दुसरं पाकीट हरवत असेल तर चारही सुखरूप परततील आणि आपण समजू, सगळं ठीक आहे.

म्हणून भावाने आकडा वाढवायला सांगितला:

पिंग -एन ६०० ८.८.८.८

८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता, २००९पासून चालू आहे. सेकंदाला साधारण एक पाकीट, म्हणजे दहा मिनिटांचं मोजमाप. उत्तर आलं नाही तर पिंग चार सेकंद वाट पाहते आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' लिहिते, त्यामुळे खराब लाइनवर दहाऐवजी बारा-तेरा मिनिटं लागतात. मध्येच थांबवायचं असेल तर कंट्रोल आणि सी. थांबवल्यावरही तोवरची बेरीज दाखवते.

आता मुख्य गोष्ट. एकाच ठिकाणी पिंग करून दोष कुठे आहे ते कळत नाही. एकाच वेळी तीन खिडक्या उघडायच्या. पहिलीत घरचा राउटर, दुसरीत कंपनीचं सगळ्यात जवळचं मशीन, तिसरीत ८.८.८.८. पहिलीतच पाकिटं हरवत असतील तर दोष घरात आहे. पहिली स्वच्छ आणि दुसरी-तिसरी खराब, तर घर आणि कंपनी यांच्यामधली लाइन. पहिल्या दोन्ही स्वच्छ आणि फक्त तिसरी खराब, तर दोष कंपनीच्या आत किंवा त्याही पुढे.

कंपनीच्या जवळच्या मशीनचा पत्ता 'ट्रेसर्ट'मधून मिळतो. टी-आर-ए-सी-ई-आर-टी, मग स्पेस, उणे चिन्ह आणि डी, मग पत्ता. 'डी' दिल्यामुळे नावं शोधण्यात वेळ जात नाही. आपलं पाकीट कुठल्या कुठल्या मशीनमधून जातं ते एकाखाली एक दिसतं, जास्तीत जास्त ३० टप्पे, प्रत्येक टप्प्याची तीन मोजमापं. पहिल्या ओळीत घरचा राउटर, दुसरीत १० या आकड्याने सुरू होणारा पत्ता आला. तेच कंपनीचं मशीन. काही जणांकडे तिथे १००.६४ने सुरू होणारा पत्ता दिसेल. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटताना कंपन्या आपल्या आतल्या जाळ्यासाठी असे पत्ते वापरतात, त्यात बिघाड काही नाही.

ट्रेसर्टमध्ये लोक हमखास अडकतात ती जागा म्हणजे फुल्या. माझ्याकडे चौथ्या ओळीत तिन्ही जागी फुल्या होत्या, पुढे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. पण पाचव्या ओळीपासून पुढे सगळं व्यवस्थित. पाकीट पुढे पोचलंय, म्हणजे चौथं मशीन ते पुढे ढकलतंय, फक्त विचारणाऱ्याला उत्तर देत नाही. बरेच राउटर तसेच ठेवलेले असतात. फुल्या एका टप्प्यापासून थेट शेवटपर्यंत राहिल्या आणि ज्या साइटसाठी तपासतोय तीही उघडत नसेल, तरच काळजी करायची. मधल्या एका ओळीवरून तक्रार केलीत तर पलीकडचा जाणकार माणूस तुमचं बाकीचंही ऐकणार नाही.

१३ तारखेच्या रात्री धो धो पाऊस होता. तिन्ही खिडक्या लावल्या. घरचा राउटर: ६०० पैकी ६००, प्रत्येक वेळी एक मिलिसेकंदाहून कमी. कंपनीचं मशीन: ४४ पाकिटं गायब, ७ टक्के. ८.८.८.८: ४३ गायब, तेही ७ टक्के. वायफायचा प्रश्न तिथेच संपला. मोबाइल हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप लावून मोजलं तर वेळ ५०-६० मिलिसेकंद, पण पाकीट एकही हरवलं नाही. म्हणजे लॅपटॉपही निर्दोष.

प्रत्येक निकाल फाइलमध्ये साठवत गेले. कमांडच्या शेवटी 'पेक्षा मोठे'चं चिन्ह आणि फाइलचं नाव दिलं की झालं. मग पडद्यावर काहीच दिसत नाही, कर्सर नुसता लुकलुकतो. काम आत चालू असतं, थांबवू नका. फाइल आपल्या यूजर फोल्डरमध्ये सापडते. पिंग स्वतः वेळ लिहीत नाही, म्हणून फाइलच्या नावातच तारीख आणि तास घातला आणि शेजारच्या वहीत पाऊस आहे की नाही, वारा आहे का, हेही लिहिलं. ही वही पुढे फार कामाला आली.

"संध्याकाळी लोड असतो" हे कारण अजून उभंच होतं. म्हणून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजत राहिले. १५ तारखेच्या संध्याकाळी उघडीप होती, बरोबर नऊ वाजता मोजलं तर शून्य टक्के. १६ला पहाटे साडेपाचला, जेव्हा कुणी नेट वापरत नसतं, वाऱ्यापावसात ९ टक्के. म्हणजे त्रास घड्याळाशी बांधलेला नव्हता, पावसाशी होता.

भावाने आणखी एक खूण सांगितली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. खरंच लोड असेल तर पाकिटं हरवायच्या आधी रेंगाळतात. १० मिलिसेकंदांचे ६०, १२०, २०० होत जातात, कारण ती कुठेतरी रांगेत उभी असतात. माझ्याकडे आलेलं प्रत्येक पाकीट ९ ते १२ मिलिसेकंदांतच येत होतं आणि न आलेलं येतच नव्हतं. हे वायर किंवा जोड खराब असल्याचं लक्षण. फायबर म्हणजे काचेची बारीक तार, आणि काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटर जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. चिपळूणहून मुंबईपर्यंतच्या फेरीला प्रकाशाला जेमतेम तीन मिलिसेकंद पुरावेत, बाकीचा वेळ वळसे आणि मधली यंत्रं घेतात. ९ ते १२ हा आकडा उत्तमच होता. स्पीड टेस्टमध्ये ९० दिसायचे त्याचं कारण वेगळं: ती टेस्ट काही सेकंदांची, आणि मी ती उघडीप असताना लावलेली असायची.

एक सापळा इथे सांगायलाच हवा. कधी कधी पिंगमध्ये 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं येतं. हे उत्तर समोरच्या मशीनने दिलेलं नसतं, आपला राउटर किंवा आपलाच कॉम्प्युटर सांगत असतो की तिथवर जाता येत नाही. पण विंडोज त्याला 'उत्तर आलं' असं मोजतं आणि शेवटी शून्य टक्के हरवले असं दाखवतं! म्हणून फक्त शेवटची बेरीज बघू नका, वरच्या ओळीही नजरेखालून घाला.

दोन तपासण्या आणखी केल्या. 'एनएसलुकअप' साइटच्या नावाचा पत्ता मिळतो का ते बघते. पिंग स्वच्छ आणि तरी साइट उघडत नसतील तर दोष बऱ्याचदा इथे असतो. माझ्याकडे कोरड्या दिवशी उत्तर लगेच येत होतं, ती बाजू सोडून दिली. दुसरी 'पाथपिंग', ट्रेसर्ट आणि पिंग एकत्र केल्यासारखी. ती प्रत्येक टप्प्यावर १०० पाकिटं पाठवते आणि टप्प्यामागे २५ सेकंद घेते. माझ्या आठ टप्प्यांना २०० सेकंद लागले. पावसात चालवली तेव्हा हरवणं घराच्या राउटरनंतरच्या पहिल्याच दुव्यावर दिसलं. तो निकालही ठेवून दिला.

जीएसटी पोर्टललाच पिंग का केलं नाही, असं एका मैत्रिणीने विचारलं. बऱ्याच सरकारी आणि बँकांच्या साइट्स सुरक्षेसाठी पिंगला उत्तर देत नाहीत. उत्तर नाही म्हणून साइट बंद, असं धरता येत नाही. तिथे पॉवरशेलमधली 'टेस्ट-नेटकनेक्शन' वापरायची आणि पोर्ट ४४३, म्हणजे सुरक्षित साइट्सचं नेहमीचं दार, द्यायचा. जोडणी झाली तर शेवटच्या ओळीत 'ट्रू' येतं.

१७ तारखेला, सोमवारी, दुसरी तक्रार ईमेलने केली. रागाचं एकही वाक्य घातलं नाही. वर ग्राहक क्रमांक आणि जुना डॉकेट नंबर. खाली चार ओळी: मोजमाप लॅन वायरवर केलं आहे, घरच्या राउटरपर्यंत शून्य टक्के, तुमच्या पहिल्या मशीनपर्यंत पावसात ७ ते ९ टक्के आणि कोरड्या हवेत शून्य, लाइनचे जोड तपासावेत. सोबत फाइल्स. आणि एक संदर्भ: दूरसंचार नियामक ट्रायच्या, तेव्हा लागू असलेल्या २००६च्या ब्रॉडबँड सेवा-दर्जाच्या नियमांत पॅकेट लॉस (पाकिटं हरवण्याचं प्रमाण) १ टक्क्याहून कमी असावा असं म्हटलं होतं. ते मोजमाप कंपनीच्या जाळ्यासाठी असलं, तरी ७ टक्के म्हणजे काय ते समोरच्याला त्यावरून लगेच कळतं.

नवा डॉकेट नंबर आला, फोन आला नाही. २० तारखेची सगळी ३बी हॉटस्पॉटवरूनच गेली. डेटा पॅक वरचेवर भरावे लागले. रात्री अकराला शेवटचं अॅकनॉलेजमेंट हाती आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, थकव्याने. २१ला पुन्हा एसएमएस: तक्रार बंद.

आता अपील. दूरसंचार ग्राहक तक्रार निवारणाचे ट्रायचे २०१२चे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक कंपनीला अपील अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा संपर्क जाहीर करावा लागतो. अपिलाला फी नाही. तक्रारीची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत ते करायचं आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. कंपनीच्या साइटवर पत्ता तळाशी, बारीक अक्षरांत असतो, चिकाटीने शोधा. २२ तारखेला अपील पाठवलं. दोन्ही डॉकेट नंबर, तारखा, त्याच चार ओळी, त्याच फाइल्स आणि शेवटी स्पष्ट मागणी: माणूस पाठवून घरातली ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, मोजावी. मागणी इतकी नेमकी असली की "राउटर रीस्टार्ट करा" असं उत्तर देता येत नाही.

२७ तारखेला दोघं जण आले. "ताई, पिंगची फाइल तुम्हीच पाठवलीत का?" हा पहिला प्रश्न. त्यातल्या मोठ्याने डब्याला जोडलेली फायबरची छोटी वायर (पॅच कॉर्ड) काढून पॉवर मीटर लावला. उणे २८.६ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक). त्याने सांगितलं, घरातल्या डब्याला साधारण उणे ८ ते उणे २७ लागतं, त्याखाली गेलं की लाइन कधी धरते, कधी सोडते. रिपरिप चालूच होती, त्यामुळे दोष समोर दिसला हे नशीब. छत्र्या घेऊन आम्ही वायरीच्या मागे निघालो. तिसऱ्या खांबावरच्या जॉइंटच्या डब्याचं झाकण सैल झालेलं, आत पाणी. त्याच्या अलीकडे आंब्याची फांदी ड्रॉप वायरवर, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या वायरवर, टेकलेली, वाऱ्याने वायर घासून वाकली होती. फायबर वाकलं की प्रकाश बाहेर सांडतो. त्यांनी तो तुकडा कापला, मशीनने नवा जोड मारला, डबा बदलला, वायर फांदीपासून दूर बांधली. फांदी आम्हीच दुसऱ्या दिवशी तोडून घेतली. पुन्हा मीटर लावला, उणे २१.४. सुमारे पाचपट प्रकाश. पैसे मागितले नाहीत, आणि तसं मागायचं कारणही नव्हतं. चहा मात्र दोघांनी आनंदाने घेतला.

त्याच रात्री पावसात ६०० पाकिटं पाठवली. सगळी परत आली. माझी जी खुशी झाली ती घरच्यांना समजावता आली नाही. ३१ तारखेपर्यंतची रिटर्न्स घरच्या नेटवरून गेली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अपिलाचं लेखी उत्तर आलं: दोष दूर केला, अपील निकाली. बिघाड किती दिवस राहिला त्या प्रमाणात भाड्यात सूट द्यायची तरतूद तेव्हा लागू असलेल्या २००६च्या नियमांत होती, तिच्या आधारे मी सवलत मागितली होती. ती १५ दिवसांची वाढीव मुदत म्हणून जमा झाली. मागितल्याशिवाय ती मिळाली नसती, असं मला वाटतं.

आपलं नेट ठीक चालू असेल त्या दिवशीही एकदा तिन्ही ठिकाणची मोजमापं करून फाइल ठेवून द्या. बिघाडाच्या दिवशी तुलनेला तेच आकडे लागतात. मॅक किंवा लिनक्स असेल तर पिंग आपोआप थांबत नाही, कंट्रोल-सी दाबावं लागतं, आकडा द्यायला 'एन'ऐवजी 'सी' आणि ट्रेसर्टऐवजी पूर्ण शब्द 'ट्रेसराउट'. घरी माणूस आला की त्याच्या मीटरवरचा आकडा विचारा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. माझ्या वहीत २७ जुलैच्या पानावर उणे २१.४ आहे. गणपतीनंतर पुन्हा मोजून घेणार आहे.